मेकॉले गेला, पडवी राहिली

आदरणीय बाई,

मी दापोली तालुक्यातली. आमची वाडी दाभोळच्या खाडीच्या अंगाला आहे. इतिहासात एम. ए. करते, दुसरं वर्ष. घरात एवढं शिकलेली मी पहिलीच.

यंदा आम्हाला भारतीय ज्ञानप्रणालीचा पेपर आहे. सर मन लावून शिकवतात. पहिल्याच तासाला त्यांनी इंग्रजी शिक्षणाचं धोरण मांडणाऱ्या मेकॉलेचं नाव घेऊन सांगितलं, की आपली डोकी अजून इंग्रजांच्या ताब्यात आहेत, उच्च शिक्षणाचं निर्वसाहतीकरण झालं पाहिजे. मला ते पटलं. मग आर्यभट, चरक, पाणिनी असं सुरू झालं. एके दिवशी मी विचारलं, "सर, माझी आजी खाडीत कालवं नि मुळे, म्हणजे शिंपल्यातले जीव, काढायला जाते. घड्याळ न बघता भरतीची वेळ सांगते. ते या पेपरात येईल का?" सर म्हणाले, "तो अनुभव झाला. ज्ञानपरंपरा वेगळी." मागच्या बाकावरून कुणीतरी बोललं, "यांच्यात कसली आलीय परंपरा!" वर्ग हसला. सरांनी ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

आम्ही बौद्ध आहोत. दादा ठाण्याला नोकरी करतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो चिडला. "मेकॉलेला शिव्या देणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. इंग्रज आले म्हणून आपण शाळेची पायरी चढलो. इंग्रजी पक्की कर नि बाहेर पड."

मला लघुप्रबंध आजीच्या खाडीवरच लिहायचाय, मराठीत. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात, हा विषय इतिहासात बसत नाही, आणि लिहायचंच तर इंग्रजीत लिही, पुढे उपयोग होईल.

सर खरे की दादा? लघुप्रबंध कुठल्या भाषेत लिहू? आणि वर्गात पुन्हा तोंड उघडू का?

— खाडीकाठची एक विद्यार्थिनी

*

प्रिय मुली,

तुझे तीन प्रश्न वाचले, पण मी अडकले ती "वर्ग हसला" या दोन शब्दांपाशी. म्हणून आधी त्याचंच बोलू.

"यांच्यात" या शब्दाचा अर्थ तुलाही कळला, मलाही कळला. आज रात्री एका वहीत तारीख, तास, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे नि शेजारी कोण बसलं होतं ते लिहून ठेव. मग सरांना एकटी भेट. वर्गात नको, स्टाफरूममध्येही नको. त्यांना सरळ सांग, की सर, असं बोललं गेलं आणि मला ते लागलं. मन लावून शिकवणारा माणूस बहुतेक वेळा हे ऐकून खडबडून जागा होतो. नाहीच झाले, किंवा असं पुन्हा घडलं, तर महाविद्यालयाच्या समान संधी कक्षाकडे लेखी अर्ज दे. असा कक्ष आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत असावा, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२च्या नियमांत लिहिलेलं आहे. तुमच्याकडे कक्ष कुठे आहे, हे कार्यालयात विचारलंस आणि कुणाला सांगता आलं नाही, तर तेही त्याच वहीत लिहून ठेव.

आता दादाचं. दादाला उडवून लावू नकोस. तो जे बोलतो त्यामागे तुमच्या चार पिढ्यांचा अनुभव आहे. पण तो अर्धंच सांगतो, आणि उरलेलं अर्धं तुझ्याच तालुक्यात घडलेलं आहे.

दापोली म्हणजे इंग्रजांचा कॅम्प. जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. पलटणीतून निवृत्त झालेले कितीतरी महार सैनिक पेन्शन घेऊन तिथे राहायचे. पलटणीत सैनिकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा असत, त्यामुळे या घरांत लिहितावाचता येणारी माणसं होती. रामजी सुभेदार त्यांच्यातलेच. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. निवृत्तीनंतर काही वर्षं बिऱ्हाड दापोलीत. गोपाळबाबा वलंगकरही पलटणीतूनच आलेले. महाडजवळच्या रावढळचा हा माणूस दापोलीत राहिला आणि १८८८ साली त्यानं अस्पृश्यतेला जाब विचारणारी पुस्तिका छापली. १८९०च्या दशकात या पेन्शनरांनी आपल्या मुलांना दापोलीच्या म्युनिसिपल शाळेत घ्यावं म्हणून अर्ज केले. सरकारी नियम त्यांच्या बाजूचा होता. अर्जाच्या लढाईतून मुलांना जागा मिळाली ती शाळेच्या पडवीत. आत फळा, आत मास्तर, आत बाकीची मुलं. ही मुलं बाहेर, ऐकू येईल तेवढं शिकायचं.

दादा म्हणतो इंग्रजांनी दार उघडलं. उघडलं, पण पडवीपर्यंत.

आणि हे नजरचुकीनं झालेलं नव्हतं. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. मुंबई सरकारनं निकाल दिला तो असा: न्याय अर्जदाराच्या बाजूनं आहे, परंतु एका मुलासाठी सगळी शाळाच बाकीच्यांना निरुपयोगी होण्याचा धोका पत्करणं बरोबर होणार नाही. आपला न्याय आपल्याच हातानं कागदावर लिहून त्यांनी त्या मुलाला परत पाठवलं. मी हा प्रसंग वर्गात तीस वर्षं शिकवला आणि प्रत्येक वर्षी माझा आवाज बदलायचा.

पुढे १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी महारांची सैन्यभरतीच बंद केली. कोण लढवय्या जातीचं नि कोण नाही याच्या त्यांनी याद्या केल्या, आणि मुंबई इलाख्याच्या सैन्यात ज्यांचा मोठा वाटा होता तेच यादीबाहेर गेले. वलंगकरांनी त्याविरुद्ध १८९४ साली विनंतीअर्ज तयार केला. भरती गेली तशी पेन्शन गेली, पलटणीची शाळाही गेली. ज्या वाटेनं रामजी सुभेदार शिकले ती वाट त्यांच्या धाकट्या मुलाच्या लहानपणीच बुजली होती.

तो धाकटा मुलगा मोठा होऊन १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत उभा राहिला आणि त्यानं इंग्रजांना तोंडावर विचारलं: तुम्ही येण्याआधी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, तो हक्क तुम्ही मिळवून दिलात का? देवळात जाता येत नव्हतं, आता येतं का? तीन वर्षांपूर्वीच, १९२७च्या मार्चमध्ये, महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी आपल्या माणसांसह पाणी प्यायलं होतं. ते तळं सगळ्यांना खुलं करायचा ठराव आधीच झालेला होता, पण तो ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात अशी स्थिती होती. दादाला हे फोनवर वाचून दाखव. बाबासाहेबांनी इंग्रजी शिक्षण घेतलं, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवल्या, आणि लंडनची पदवी मिळवताना इंग्रज सरकारच्या चलनव्यवहाराचीच चिरफाड केली. घेतलं म्हणून ते मिंधे झाले नाहीत. दादानं मेकॉलेचं देणं लागायचं काही कारण नाही. तुझ्या पणज्यांनी शाळा मागून, भांडून मिळवली.

आता सरांकडे वळू.

मेकॉलेवर त्यांचा राग आहे, तो असलाच पाहिजे. २ फेब्रुवारी १८३५च्या टिपणात त्यानं लिहिलं, की चांगल्या युरोपीय ग्रंथालयाचं एक फडताळ भारताच्या आणि अरबस्तानच्या साऱ्या वाङ्मयाच्या तोडीचं आहे. लिहिणाऱ्याला संस्कृतही येत नव्हतं, अरबीही येत नव्हतं. थोड्या वरच्या लोकांना इंग्रजी शिकवायचं, मग ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असं ते धोरण. सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर, धो धो पाऊस पडतो, ओहोळानं समुद्राला मिळतो, आणि एप्रिलात खालच्या वाडीच्या विहिरीला टिपूस नसतो, हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे. झिरपण्याची गोष्ट कोकणात कुणी सांगू नये.

पण सरांनी एक साल वगळलंय. १८२१. पेशवाई जाऊन तीन वर्षं झाली होती, मेकॉलेचं टिपण यायला चौदा वर्षं होती. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानं पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून पुण्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. सरकार इंग्रजांचं, शिक्षण संस्कृतचं, प्रवेश ब्राह्मणांना. म्हणजे इंग्रजांनी इथं आल्या आल्या देशी ज्ञान मोडीत काढलं, हा इतिहास पुरा नाही. त्यांनी आधी विचारलं, की इथलं ज्ञान कुणाकडे आहे? ज्यांच्याकडे पोथ्या होत्या त्यांनी सांगितलं, आमच्याकडे. इंग्रजांनी ते लिहून घेतलं. कुळांना, कोळ्यांना, सुतारांना, सुइणींना विचारायला कुणी गेलं ते महसुलाच्या कामासाठी गेलं, विद्येच्या कामासाठी नाही. 'ज्ञान' आणि 'अनुभव' यांच्यातली जी रेघ सरांनी तुझ्यापुढे ओढली, ती जातीनं आधी ओढलेली होती, आणि इंग्रजांनी तिच्यावर सरकारी शाई फिरवली. मेकॉलेला घालवताना ती रेघ तशीच राखली, तर निर्वसाहतीकरण झालं कुठे?

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत हवं होतं. दिलं नाही. पर्शियन घ्यावं लागलं. सरांच्या पेपरात हाही प्रसंग यायला हवा, कारण तोसुद्धा भारतीय ज्ञानप्रणालीचाच इतिहास आहे: ती कुणाला दिली आणि कुणापासून राखली.

खोतीही, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताची कुळांवरची सत्ताही, यातच येते. कुणी म्हणेल, जमिनीच्या भानगडीचा उच्च शिक्षणाशी काय संबंध? संबंध असा, की मुंबईत १८५७ साली विद्यापीठ निघालं, ते सारा भरणाऱ्यांच्या पैशावर. १८८०च्या कायद्यानं इंग्रजांनी खोतीचा मामला सरकारी दप्तरात नीट बांधून दिला. रत्नागिरी-कुलाब्याकडे कुळानं भात पिकवायचं, खोताच्या घरी घालायचं, आणि खोताच्या मुलानं बोटीनं मुंबईला जाऊन बी. ए. व्हायचं. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे नेमकं हेच मांडलं: पैसा रयतेच्या कष्टाचा, आणि तो खर्ची पडतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. त्याच निवेदनात त्यांनी मागितलं, की प्राथमिक शाळेत शेतीचं शिक्षण असावं आणि मास्तर शेतकरी वर्गांतून घ्यावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ नि सुताराचं हत्यार धरता येणारे. हे वाक्य वाचून मी दरवेळी थबकते. जगभरच्या विद्यापीठांत आज जी चर्चा चालते, तिचा गाभा पुण्याच्या एका माणसानं १४० वर्षांपूर्वी दोन ओळींत सांगितला होता. आणि कोकणच्या कुळांना मात्र अलिबागजवळच्या चरीला १९३३पासून वर्षानुवर्षं शेतं पडीक ठेवून संप करावा लागला, १९३८च्या जानेवारीत मुंबईत कौन्सिलवर मोर्चा न्यावा लागला, तेव्हा कुठे स्वातंत्र्यानंतर खोती गेली.

म्हणून सर खरे की दादा, याला माझं उत्तर: दोघांनी एकेका मालकाचं नाव घेतलंय. तुझ्या आजीला दोन होते: इंग्रज आणि जात.

बाहेरच्या जगात काय झालं तेही थोडं सांगते, कारण 'निर्वसाहतीकरण' हा शब्द तू वर्गात ऐकलास तो तिकडूनही आलाय. १९६८ साली केनियात, नैरोबीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, तीन शिक्षकांनी टिपण लिहिलं, की आमच्याकडे इंग्रजी विभाग हवाच कशाला? केंद्रस्थानी आफ्रिका ठेवा, आणि तोंडी परंपरेलाही अभ्यासक्रमात जागा द्या. विभागाचं नावही पुढे बदललं. त्यातले न्गुगी वा थिओंगो नंतर गिकुयू या आपल्या मातृभाषेत लिहायला लागले. दुसरी गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली. २०१५ साली केप टाउन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी इंग्रज साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सचा पुतळा हलवायला लावला. एप्रिलमध्ये पुतळा गेला. ऑक्टोबरात देशभरची मुलं रस्त्यावर आली, ती फीवाढीविरुद्ध, आणि त्यांच्या मागण्यांत विद्यापीठातल्या कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याची मागणीही होती. पुतळा हलला तरी वर्गाच्या दारात फी उभीच आहे, हे त्या मुलांना सहा महिन्यांत कळलं. आपल्याकडे शेवटची एस. टी. चुकेल म्हणून सहाव्या तासाला न बसणाऱ्या मुली मी किती पाहिल्या! वसतिगृह नाही, शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष संपल्यावर जमा होतात, पुस्तक मराठीत नाही. अभ्यासक्रमात कोणाचं नाव आहे या प्रश्नाला हे सगळं जोडलेलं आहे. एक जोड इतकी उघड आहे की ती सांगायलाच हवी: अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठवणाऱ्या केंद्राच्या शिष्यवृत्तीत २०२२ साली नियम घातला गेला, की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा समाज या विषयांवरच्या संशोधनाला ती मिळणार नाही. कारण देण्यात आलं, की ते विषय इथेच शिकता येतात. आणि इथे तू विषय मागितलास तर म्हणतात, तो ज्ञानात बसत नाही.

तर मग आजीच्या ज्ञानाकडे वळू. मी गणिताची नाही, पण हे मी स्वतः ताडून पाहिलंय.

तुझी आजी बहुतेक तिथीची पाऊणपट करत असेल. आपल्या किनाऱ्यावर जुनी माणसं करतात. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. तिला विचार. पाऊणकी म्हणत नसेल, नुसतं बोटांची पेरं मोजत असेल. हे का जुळतं? एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश सरकतो. पृथ्वीला १२ अंश फिरायला ४८ मिनिटं लागतात, म्हणजे बरोबर दोन घटका. साधारण तेवढी भरती रोज पुढे जाते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. तीन मिनिटांची फारकत सोडली तर आजीच्या बोटांच्या पेरांवर पंचांगाचं गणित आणि समुद्राचं गणित एकत्र आलंय. खाडी जसजशी आत जाते तसतशी भरती उशिरा येते, त्याचा हिशेबही तिच्याकडे असणार, कारण नाहीतर पाणी वाढताना ती मुळ्यांच्या चिखलात अडकली असती. उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती यांतला फरक तिला कळतो, तो तिथी कळते म्हणून.

आता सांग, याला अनुभव म्हणायचं की ज्ञान? सरांच्या पेपरातल्या आर्यभटाचा चंद्र आणि आजीचा चंद्र एकच आहे. सरांकडे जाशील तेव्हा भांडण घेऊन जाऊ नकोस, हे गणित घेऊन जा. म्हणावं, सर, मला पेपरातला स्वाध्याय तिथी आणि भरती यांवर करायचाय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत एकूण श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) किमान पाच टक्के भारतीय ज्ञानाला द्यावेत असं म्हटलंय. त्या पाच टक्क्यांत खाडीला जागा करून देणं सरांच्या हातात आहे, आणि मला वाटतं ते देतील.

सरांवर मी इतका भरवसा ठेवते, कारण त्यांच्या जागी मीही होते. नव्वदच्या सुमारास राजापूरकडचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. मी प्रागैतिहासिक कला शिकवत होते, भीमबेटका वगैरे. तो उठून म्हणाला, "बाई, आमच्या सड्यावरबी कातळात चित्रं हायत. गुरं चारायला जातो तिथं." मी म्हटलं, "पांडवांनी एका रात्रीत काढली असतील!" वर्ग हसला. तो खाली बसला तो वर्षभर बोलला नाही. पुढे गेल्या दहा-पंधरा वर्षांत रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं एकामागून एक नोंदली गेली. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू. २०२२ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. मालवण तालुक्यात कुडोपीला जिथे ती आहेत त्या जागेला गावकरी पूर्वीपासून 'बाहुल्यांचं टेंब' म्हणतात. जागेच्या नावातच माहिती होती, विद्यापीठाला ती ऐकू गेली नव्हती. मी त्या मुलाचा पत्ता शोधला, सापडला नाही. माझ्या वर्गात पडवी नव्हती, तरी मी त्याला पडवीत बसवलं. म्हणून तुझं पत्र वाचून झोप लागली नाही.

लघुप्रबंधाचं आता कामाचं बोलते.

मॅडम म्हणतात विषय इतिहासात बसत नाही. त्यांना दोन पानी आराखडा लिहून दे, म्हणजे बसेल. सुरुवात १८८०च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरपासून कर. खाड्या, बंदरं, मासेमारी, जाती, सगळं त्यात आहे. ते वाचताना एकच प्रश्न धरून ठेव: ही माहिती साहेबाला कुणी दिली, आणि चिखलात उतरून कालवं काढणाऱ्या बाईचा शब्द त्यात कुठे आहे का? मग खाडीकाठच्या दहा-बारा म्हाताऱ्या बायकांच्या मुलाखती घे. फक्त आपल्या वाडीतल्या नकोत. भोयांच्या, खारव्यांच्या, दालद्यांच्या, कुणब्यांच्या, सगळ्यांच्या घे. भरतीच्या वेळांची नोंद दोन पंधरवडे ठेव आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकांशी ताडून पाहा. आणि पन्नास वर्षांत खाडीतून काय काय नाहीसं झालं ते विचार. लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत आली, मग मासे मरायला लागले, मच्छीमारांनी आंदोलनं केली. त्याआधीची खाडी कशी होती हे कुठल्याच दप्तरात आजीइतकं नीट सापडायचं नाही. हा इतिहास आहे. पर्यावरणाचा आहे, श्रमाचा आहे, बायकांचा आहे.

मात्र आजीला देव्हाऱ्यात बसवू नकोस. तिचं जे चुकतं तेही लिही. कुठल्या जातीच्या माणसानं खाडीच्या कुठल्या भागात उतरायचं नाही, अशा जुन्या रीती असतील तर त्याही विचार. आजीलाच त्यांचा जाच झाला असण्याची शक्यता जास्त. परंपरा म्हटलं की सगळंच पवित्र, ही सरांच्या पेपरातली चूक आपण आपल्या वाडीत आणायची नाही.

लिहून ठेवणं का महत्त्वाचं, त्याची एक गोष्ट. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. पण त्यासाठी पुरावा छापील द्यावा लागला, जुन्या संस्कृत ग्रंथातला आणि १९५३च्या वैद्यकीय नियतकालिकातला. जखमेवर हळद चेपणाऱ्या कोट्यवधी बायकांची साक्ष तिथे चालली नसती. खाडीतल्या वनस्पतींबद्दल आजी जे सांगेल ते अजून कुठे छापलेलं नसेल. त्यामुळे ते तिच्या नावानं लिही. तिला आधी विचार, काय छापायचं नि काय घरात ठेवायचं. लिहून झालं की तिला वाचून दाखव, ती म्हणेल ते दुरुस्त कर. पहिल्या पानावर 'माहितीदार' असं नको, तिचं पूर्ण नाव घाल. आणि ग्रामपंचायतीत जाऊन लोकजैवविविधता नोंदवही मागून बघ. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार ती असायला हवी. खाडीबद्दल त्यात काय आहे, आणि कुणाच्या सांगण्यावरून, ते पाहा.

भाषा. प्रबंध मराठीत लिही. आजी ज्या शब्दांत पाणी ओळखते ते शब्द इंग्रजीत नेलेस तर अर्धे वाटेत सांडतील. उधाण, भांग, खाजण, मुळे. तिची बोली तिच्याच तोंडची ठेव, पुस्तकी करू नकोस. परीक्षा स्थानिक भाषेत लिहू द्यावी, शिकवणं इंग्रजीत असलं तरी, असं आयोगानं एप्रिल २०२३मध्ये विद्यापीठांना कळवलेलं आहे. लघुप्रबंधाबद्दल तुमच्या विद्यापीठाचा नियम काय ते विभागात लेखी विचारून घे.

आणि इंग्रजी शीक. कसून शीक. इथे दादा शंभर टक्के बरोबर आहे. ज्यांच्या मुलांना इंग्रजी घरात मिळतं तेच अनेकदा गरिबाच्या मुलांना सांगतात, की मातृभाषेतच राहा. त्यांचं ऐकू नकोस. प्रबंध झाला की त्याचा दहा पानांचा सारांश स्वतः इंग्रजीत लिही, चुका झाल्या तर मी तपासून देईन. बाबासाहेबांनी प्रबंध इंग्रजीत लिहिले आणि 'मूकनायक' नि 'बहिष्कृत भारत' मराठीत काढले. कुणाशी बोलायचंय त्यावर त्यांनी भाषा ठरवली. तुलाही दोघांशी बोलायचंय.

तोंड उघडू का, असं विचारलंस. उघड. पण पुढच्या तासाला नको. आधी हातात नोंद असू दे.

येत्या अमावास्येनंतर आजीबरोबर खाडीवर जा. वही आणि घड्याळ घे. चतुर्थीला तीनच्या आधीच काठावर जाऊन बस, पाणी चढायचं थांबून काठाशी स्थिर कधी होतं ती वेळ लिही, आणि आजीनं किती सांगितली होती ती तिच्याच शब्दांत शेजारी लिही. पंचमीला, षष्ठीला तसंच. किती मिनिटांचा फरक पडतो ते मला कळव. दाभोळच्या खाडीत आत किती उशीर होतो हे मलाही शिकायचंय, आणि ते तुझ्या आजीकडूनच कळणार.

तुझी,
बाई